दार लावलं म्हणून वाचलेली ‘लायन’

वेग की सुरक्षितता? शंभर वर्षांपूर्वी ब्रिटिश नौदलाने या प्रश्नाचं घाईघाईत उत्तर दिलं आणि एकाच दिवसात तीन अजस्र युद्धनौका गमावल्या. चौथी मात्र थोडक्यात बचावली. कशी?

प्रॅक्टिकलचा शेवटचा अर्धा तास आठवा. रीडिंग अजून निम्मी बाकी आहेत, सर घड्याळाकडे बघतायत आणि बाहेर पुढची बॅच उभी आहे. अशा वेळी आपण काय करतो? गॉगल कपाळावर सरकवतो. बर्नर सारखा बंद-चालू कोण करणार, म्हणून तो पेटताच ठेवतो. ॲसिडची बाटली ‘परत लागणारच आहे की’ म्हणत झाकण न लावता टेबलावर ठेवून देतो. बहुतेक वेळा काहीच होत नाही. रीडिंग पूर्ण होतात, जर्नलवर सही मिळते आणि आपण कँटीनकडे पळतो.

आज सांगायची गोष्ट अशाच उघड्या राहिलेल्या झाकणांची आणि दारांची आहे. फक्त ती घडली ती उत्तर समुद्रात, हजार-हजार माणसं घेऊन फिरणाऱ्या युद्धनौकांवर. आणि तिथे ‘काहीच होत नाही’ हे गणित एका दिवसात चुकलं. त्या दिवशी तीन जहाजांवर मिळून सुमारे ३३०० माणसं गेली.

या गोष्टीची नायिका आहे ‘एचएमएस लायन’ नावाची एक बॅटलक्रूझर.

बॅटलक्रूझर म्हणजे काय रे भाऊ?

१९०४ मध्ये ॲडमिरल जॉन फिशर ब्रिटिश नौदलाचे फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे सर्वोच्च अधिकारी झाले. सिलोनमध्ये जन्मलेला हा माणूस भलताच उत्साही आणि तितकाच हट्टी. तेव्हा मोठ्या युद्धनौका ढोबळमानाने दोन प्रकारच्या असत. एक बॅटलशिप : जाड चिलखत, मोठ्या तोफा, पण चाल मंद. दुसरी क्रूझर : चपळ, पण तोफा लहान आणि अंगावर चिलखतही बेताचं. फिशर म्हणाले, आपण दोन्हीतलं भारी ते घेऊ. तोफा बॅटलशिपच्या आणि वेग क्रूझरपेक्षाही जास्त.

कल्पना सोपी होती. ही नौका कुठल्याही क्रूझरला गाठून बुडवेल आणि समोर बॅटलशिप आलीच तर पळून जाईल. वेग हेच चिलखत, अशी फिशर यांची भूमिका.

इंजिनीअरिंगवाल्यांच्या लक्षात आलंच असेल की यात कुठेतरी पाणी मुरतंय. जहाजाचं वजन हे बजेटसारखं असतं. तोफांवर खर्च केला, इंजिनावर खर्च केला, मग तिसरीकडे हात आखडता घ्यावा लागतो. इथे तो चिलखताच्या बाबतीत घेतला गेला. ‘इन्व्हिन्सिबल’ या पहिल्या बॅटलक्रूझरवर १२ इंची आठ तोफा होत्या, वेग २५ नॉट होता, पण बाजूचं चिलखत सहा इंच जाडीचं. त्या काळच्या बॅटलशिपच्या अंगावर याच्या जवळपास दुप्पट पोलाद असे.

आता लगेच फिशरना नावं ठेवू नका. ज्या कामासाठी ही जहाजं बांधली, ते त्यांनी चोख केलं. ८ डिसेंबर १९१४ रोजी दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांजवळ ‘इन्व्हिन्सिबल’ आणि ‘इन्फ्लेक्सिबल’ यांनी ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाऊ’ या जर्मन क्रूझर पाठलाग करून बुडवल्या. योजना होती तसंच घडलं. अडचण वेगळीच होती. जर्मनीनेही बॅटलक्रूझर बांधायला घेतल्या होत्या. त्यांच्या तोफा थोड्या लहान, पण चिलखत जाड. म्हणजे आता समोर असा शत्रू होता, ज्याच्यापासून पळताही येत नव्हतं आणि ज्याचे गोळे अंगावर घेणंही परवडत नव्हतं.

दिमाखदार ‘लायन’

फिलिप वॉट्स यांच्या देखरेखीखाली ‘लायन’चं डिझाइन झालं. नोव्हेंबर १९०९ मध्ये डेव्हनपोर्टच्या गोदीत तिचं काम सुरू झालं, ऑगस्ट १९१० मध्ये ती पाण्यात उतरली आणि जून १९१२ मध्ये नौदलात दाखल झाली. खर्च वीस लाख पौंडांहून जास्त.

आकडे बघा. लांबी २१३ मीटर, म्हणजे दोन फुटबॉल मैदानं एकापुढे एक ठेवल्यासारखी. वजन २६ हजार टनांच्या वर. पोटात ४२ बॉयलर, पार्सन्स टर्बाइन आणि ७० हजार अश्वशक्ती. वेग २७ ते २८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर. एवढं धूड गावातल्या बाइकच्या वेगाने समुद्रातून जातंय, अशी कल्पना करा! साडेतेरा इंच व्यासाच्या आठ तोफा, चार फिरत्या बुरुजांत दोन-दोन अशा बसवलेल्या. एकेका गोळ्याचं वजन साडेपाचशे किलोच्या वर. चिलखत ‘इन्व्हिन्सिबल’पेक्षा सुधारून नऊ इंचांवर नेलं होतं. पण त्याच सुमाराच्या ‘ओरायन’ वर्गातल्या बॅटलशिपवर ते बारा इंचांचं होतं.

‘लायन’, ‘प्रिन्सेस रॉयल’ आणि ‘क्वीन मेरी’ या जहाजांना लोक कौतुकाने ‘दिमाखदार मांजरं’ म्हणत.

मांजरं दिमाखदार होती, पण निर्दोष नव्हती. सुरुवातीच्या डिझाइनमध्ये टेहळणीची डोलकाठी पहिल्या धुराड्याच्या मागे होती. तोफांचे गोळे कुठे पडतायत ते बघणारी माणसं या डोलकाठीवर बसणार आणि धुराड्यातली गरम हवा नि धूर थेट त्यांच्या तोंडावर! चाचणीत हा प्रकार लक्षात आला. मग डोलकाठी पुढे आणि धुराडं मागे अशी अदलाबदल करावी लागली. चूक डोळ्यांना दिसणारी होती, म्हणून सुधारली गेली. खरी धोकादायक चूक मात्र कुठल्याच नकाशावर दिसत नव्हती. ती रोजच्या सवयीत होती.

बुरुजाखालची उंच विहीर

तोफबुरूज म्हटलं की डेकवरचा फिरता भाग आपल्या डोळ्यांसमोर येतो. तो हिमनगाचा शेंडा. त्याच्याखाली जहाजाच्या तळापर्यंत एक खोल विहीर जाते. वर तोफा, त्यांच्याखाली काम करायची खोली, मग गोळे आणि दारू वर नेणारी लिफ्ट आणि अगदी तळाशी, पाण्याच्या पातळीखाली, दारूकोठार.

गोळा उडवायला लागतं कॉर्डाइट नावाचं स्फोटक इंधन. ब्रिटिश नौदलात ते रेशमी पिशव्यांमध्ये भरलेलं असे आणि पिशवीच्या टोकाला पेट लवकर घ्यावा म्हणून काळी बंदुकीची दारू लावलेली असे. जर्मन लोक आपल्या मुख्य इंधनासाठी पितळी नळकांडी वापरत.

आता धोका कुठे ते कळेल. वर बुरुजात आग लागली आणि ती विहिरीतून खाली कोठारापर्यंत पोहोचली, तर अख्खं जहाज फुटणार. म्हणून मधे दारं असतात. कोठारातून पिशव्या लागतील तेवढ्याच काढायच्या, डबे आधीपासून उघडून ठेवायचे नाहीत, काम झालं की दार लावायचं. नियम सगळ्यांना पाठ होते.

पण दार उघडायला आणि लावायला वेळ लागतो.

एका लढाईचे दोन धडे

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ‘लायन’ ही व्हाइस ॲडमिरल डेव्हिड बीटी यांच्या बॅटलक्रूझर ताफ्याची प्रमुख नौका होती. २४ जानेवारी १९१५ रोजी उत्तर समुद्रात डॉगर बँकपाशी या ताफ्याची जर्मन बॅटलक्रूझरशी गाठ पडली. जर्मनांची ‘ब्ल्युशर’ ही क्रूझर बुडाली. पण ‘लायन’नेही खूप मार खाल्ला. सोळा गोळे बसले, इंजिनं बंद पडली आणि शेवटी ‘इन्डॉमिटेबल’ या दुसऱ्या बॅटलक्रूझरने तिला दोर लावून घरी ओढत आणलं.

याच लढाईत ‘लायन’चा एक गोळा ‘सायडलिट्झ’ या जर्मन जहाजाच्या मागच्या बुरुजाच्या चिलखतात घुसला. आतलं इंधन पेटलं, आग शेजारच्या बुरुजात शिरली आणि दीडशेहून जास्त जर्मन खलाशी जळून मेले. वेळेवर कोठारात पाणी सोडलं गेलं, म्हणून जहाज तेवढं वाचलं.

जर्मन हादरले. त्यांनी दारूगोळा हाताळण्याचे नियम कडक केले आणि एका वेळी बाहेर काढलेलं इंधन कमी ठेवायला सुरुवात केली.

ब्रिटिशांनी या लढाईतून काय घेतलं? शत्रू हातातून निसटला, कारण आपण पुरेशा वेगाने गोळे झाडले नाहीत! मग सगळा भर मिनिटाला किती गोळे सुटतात यावर गेला. ज्या आकड्यासाठी शाबासकी मिळते, त्या आकड्यासाठीच माणूस धावतो. सबमिशनच्या आठवड्यात आपण हेच करतो ना? इथे तोफखान्यातली माणसं धावायला लागली. कोठाराची दारं उघडी राहू लागली. डब्यांची झाकणं आधीच काढून ठेवली जाऊ लागली. कॉर्डाइटच्या पिशव्या वाटेत रचून ठेवल्या जाऊ लागल्या, म्हणजे वर पाठवायला एक क्षणही वाया जायला नको. हे कुणी चोरून करत नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांना पटत होतं.

‘असं चालणार नाही’

सगळ्यांना, एक माणूस सोडून.

१९१५ मध्ये ‘लायन’वर अलेक्झांडर ग्रँट नावाचे मुख्य गनर रुजू झाले. हुद्दा फार मोठा नाही. साध्या खलाशापासून सुरुवात करून वर आलेला हा माणूस. त्यांनी कोठार पाहिलं आणि हबकले. उघडे डबे, रचलेल्या पिशव्या, सताड उघडी दारं.

विचार करा, तुम्ही इंटर्नशिपला नवीन लागला आहात. पहिल्याच महिन्यात लक्षात येतं की इथली कामाची पद्धत धोकादायक आहे. आणि ती पद्धत तुमच्या सीनियरना अभिमानास्पद वाटतेय. तुम्ही बोलाल?

ग्रँट बोलले. पण नुसती तक्रार करून थांबले नाहीत. त्यांनी नियम आखून दिले : गरजेपुरतीच पिशवी बाहेर, डबे आधीपासून उघडायचे नाहीत, काम नसेल तेव्हा दार बंद. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, अशा शिस्तीतही तोफांना इंधन वेळेत पोहोचतं हे त्यांनी करून दाखवलं. वेग कमी झाला नाही! ज्या वेगासाठी एवढी जोखीम घेतली जात होती, तो दार लावूनही मिळत होता. वरिष्ठांनी मान्य केलं आणि ‘लायन’वर नवी शिस्त लागू झाली. दुर्दैव हे, की ती इतर जहाजांवर पोहोचली नाही.

३१ मे १९१६

डेन्मार्कच्या जटलँड किनाऱ्याजवळ दोन्ही नौदलं समोरासमोर आली. दुपारी पावणेचारनंतर बॅटलक्रूझरची गोळाफेक सुरू झाली. ‘लायन’ सर्वांत पुढे, तिच्यामागे ‘प्रिन्सेस रॉयल’, ‘क्वीन मेरी’, ‘टायगर’, ‘न्यूझीलंड’ आणि शेवटी ‘इंडिफॅटिगेबल’.

चारच्या सुमाराला ‘ल्युट्झो’ या जर्मन बॅटलक्रूझरचा गोळा ‘लायन’च्या मधल्या, ‘क्यू’ बुरुजावर आदळला. छताचा भाग उडाला. आत असलेले बहुतेक सगळे जागीच ठार किंवा जबर जखमी. बुरुजाचे प्रमुख होते रॉयल मरीन्सचे मेजर फ्रान्सिस हार्वे. ते स्वतः मरणाच्या दारात होते. त्या अवस्थेत त्यांनी हुकूम दिला : कोठाराची दारं लावा, पाणी सोडा. मग एका सार्जंटला कप्तानाकडे वर्दी द्यायला पाठवलं. तो भाजलेल्या कपड्यांनिशी ब्रिजवर पोहोचला, तेव्हा कुठे वरच्यांना कळलं की मधला बुरूज संपलाय.

पुढचा अर्धा तास मिनिटांच्या हिशोबाने बघा.

‘लायन’वर गोळा बसल्यानंतर दोन-तीन मिनिटांतच रांगेतली शेवटची ‘इंडिफॅटिगेबल’ स्फोटाने उडाली. हजाराहून जास्त माणसं होती, वाचली दोन. ४ वाजून २६ मिनिटांनी ‘क्वीन मेरी’ फुटली. तिच्यावरचे १२६६ जण गेले. ‘आपल्या जहाजांचं आज काहीतरी बिघडलंय’ अशा अर्थाचे बीटी यांचे प्रसिद्ध उद्गार या वेळचे.

आणि जवळपास त्याच मिनिटांत, खुद्द त्यांच्या पायाखाली, ‘लायन’च्या मोडक्या बुरुजात धुमसत असलेली आग उरलेल्या इंधनापर्यंत पोहोचली. ज्वाळा विहिरीतून थेट तळाकडे धावली. खालच्या खोल्यांमधली माणसं तिथेच मेली. ज्वाळा कोठारापाशी आली. दार बंद होतं. आत पाणी भरलेलं होतं. कोठाराच्या भिंती त्या दाबाने वाकल्याचं नंतर दिसलं. पण त्या टिकल्या.

‘लायन’ त्या दिवशी ९९ माणसं गमावून घरी परतली. संध्याकाळी साडेसहानंतर ‘इन्व्हिन्सिबल’ फुटून दोन तुकडे झाली. जिचं नावच ‘अजिंक्य’ होतं, तिच्यावरचे १०२६ जण गेले, सहा वाचले.

हार्वे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो त्यांचा हक्कच होता. पण त्यांच्या हुकमाचा उपयोग झाला, त्यामागे ग्रँट यांनी आधीचं वर्षभर घोटवलेली शिस्त होती. वाटेत पिशव्यांचा ढीग असता आणि बरेच डबे उघडे असते, तर हार्वे यांच्याकडे हुकूम द्यायलाही वेळ उरला नसता.

मग चूक कुणाची?

नेहमीप्रमाणे लढाईनंतर दुसरी लढाई सुरू झाली : जबाबदारी कुणावर ढकलायची याची. चिलखत पातळ होतं, हे सांगायला सोपं. ते खरंही होतं. ब्रिटिश कॉर्डाइट जास्त भडकून पेटायचं, हेही खरं. पण नौदलाच्या आतल्या चर्चेत उघड्या दारांचा मुद्दा आला, तेव्हा तो ताफ्यातल्या अधिकाऱ्यांना झोंबला. आपल्याच सवयींमुळे आपली माणसं मेली, हे कबूल करणं कुणालाही जड जातं. पुढे बॅटलक्रूझरवर कोठारांच्या वर जादा पोलाद बसवलं गेलं, ज्वाळा अडवायची व्यवस्था सुधारली आणि दारूगोळ्याचे नियमही कडक झाले. लोकांसमोर मात्र बराच काळ पातळ चिलखताचीच गोष्ट राहिली. दोष पोलादावर गेला की माणसं सुटतात.

‘लायन’ दुरुस्त झाली. जुलै १९१६ मध्ये ती तीनच बुरूज घेऊन ताफ्यात परतली, चौथा सप्टेंबरमध्ये बसवला गेला. २१ नोव्हेंबर १९१८ रोजी जर्मन ताफा शरण आला, तेव्हा ती तिथे हजर होती. त्यानंतर तिचं काम संपलं. १९२२ च्या वॉशिंग्टन करारात मोठ्या देशांनी आपापली नौदलं छाटायचं ठरवलं आणि ‘लायन’ मोडीत निघाली. जानेवारी १९२४ मध्ये ७७ हजार पौंडांना तिची विक्री झाली. वीस लाखांचं जहाज, बारा वर्षांत भंगार.

या ताफ्यातलं एक जहाज आपल्या मुंबईने मात्र पाहिलंय. जटलँडला ‘इंडिफॅटिगेबल’च्या अगदी पुढे असलेली ‘न्यूझीलंड’ मार्च १९१९ मध्ये मुंबई बंदरात आली होती. तिच्यावर होते ॲडमिरल जेलिको, जटलँडच्या लढाईतले ब्रिटिश सरसेनापती. साम्राज्याच्या सागरी संरक्षणाचा आढावा घ्यायला ते दौऱ्यावर निघाले होते. बंदरावर ते जहाज बघायला आलेल्या लोकांना दिसल्या असतील त्या अजस्र तोफा आणि तीन धुराडी. कोठाराचं दार कुणाला दिसणार? ते तळाशी असतं, पाण्याच्या पातळीखाली.

आपल्या लॅबमध्ये, वर्कशॉपमध्ये, पहिल्या नोकरीतही अशी दारं असतात. मशीनवरचं गार्ड, ‘उगाच ट्रिप होतो’ म्हणून वायर लावून बायपास केलेला एमसीबी, डेडलाइन आहे म्हणून न चालवलेली टेस्ट. तुम्ही नवीन असता, त्यामुळे तुम्हालाच ती आधी दिसतात. जुन्यांच्या नजरेला त्यांची सवय झालेली असते. बोलायचं झालंच, तर ग्रँट यांची पद्धत लक्षात ठेवा : आधी मोजून दाखवा की दार लावूनही काम तितक्याच वेळात होतं. निम्मा वाद तिथेच मिटतो.

आणि पुढच्या प्रॅक्टिकलला ॲसिडच्या बाटलीला झाकण लावा. दोन सेकंद लागतात.